बर्फापेक्षा जरा कमी गार

मिरज स्टेशनवर मला सोडायला अण्णा बर्फाच्या टेम्पोतून आले होते. रिक्षा सांगते म्हटलं तर म्हणाले, "कारखान्याचा टेम्पो रिकामाच चाललाय तिकडं, रिक्षा कशाला?" टेम्पोतून नुकत्याच लाद्या उतरवलेल्या, तळाशी ओली पोती पसरलेली. त्या पोत्यांवर माझी लोखंडी ट्रंक, ट्रंकेशेजारी मी, आणि पुढे ड्रायव्हरजवळ अण्णा, जणू मलाही कुठल्या तरी रसवंतीगृहात पोचवायचं होतं. स्टेशन येईपर्यंत ट्रंकेत खालून पाणी शिरलं. लखनऊला रुजू व्हायला गेले तेव्हा माझी एम.एस्सी.ची मार्कशीट आणि जन्मदाखला एकमेकांना चिकटले होते. टेबलामागचे बाबू ते सोडवत म्हणाले, "मॅडम, तैरकर आई हैं क्या?"

अण्णा बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होते. आई मी बारावीत असतानाच गेली. भावंडं नाहीत. खाली दोन खोल्या, वर एक, आणि त्या वरच्या खोलीत मी. एवढं आमचं घर. म्हणजे मी गाडीत बसले की मागे एकटे अण्णा राहणार होते, आणि हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गाडी हलायच्या बेताला आली तेव्हा ते खिडकीशी येऊन म्हणाले, "तिकडचं काम झालं की ये." भाजी आणायला निघालेल्या माणसाला सांगावं तसं. मीही तसंच "येते" म्हणाले. पुण्याला गाडी बदलली, आणि झाशीच्या पुढे कुठेतरी लक्षात आलं की हे मी वचन दिलेलं आहे.

तुमच्यापैकी जे गाव सोडून निघाले त्यांना असला एखादा शब्द देऊन आल्याचं आठवत असेल. जे मागे राहिले त्यांना तर नक्कीच आठवत असणार.

लखनऊत मी एका सरकारी प्रयोगशाळेत आहे. नाव सांगत नाही; सांगितलं तर परवानगीची फाइल करावी लागेल, आणि फाइली करून मी थकलेली आहे. खरंच थकलेली आहे. एक साधा तापमापक मागवायचा तर तीन कोटेशनं, एक कमिटी, कमिटीतले एक जण रजेवर. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की आम्ही जनरेटरच्या आवाजावरून ओळखतो, आज कुणाचा प्रयोग वाचला नि कुणाचा गेला. सुरुवातीला मी चौक नावाच्या जुन्या भागात एका गल्लीत भाड्याने राहायचे. खाली चिकनच्या भरतकामाच्या कपड्यांचं दुकान, समोर कुल्चे आणि मटणाची निहारी. मिरजेची शाकाहारी मुलगी मी, पहिले काही महिने नाक धरूनच जिना चढले. आता त्या गल्लीत गेले की तो वास नसला तर चुकल्यासारखं होतं. भाषेचंही तसंच. दूधवाल्याशी हिंदी, ऑफिसात इंग्रजी, मराठी फक्त रविवारी फोनवर आणि गणपतीत छावणीत. तिथे फौजेतली मराठी घरं गणपती बसवतात, आरती म्हणतात, मग पोरं आयांना विचारतात, "मम्मी, ये लोग इतनी तेज़ क्यों गा रहे हैं?" लग्नाचं माझं राहून गेलं. त्याचा दोष प्रयोगशाळेचा नाही, उगाच तिच्यावर आळ नको.

आता कामाचं सांगते, कारण त्याशिवाय अण्णांचं सांगता येणार नाही.

लस गार ठेवायला लागते हे सगळ्यांना माहीत असतं. ती गोठली तरी वाया जाते, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. आमच्या इथे बख्शी का तालाबच्या बाजूला वायुदलाचा तळ ओलांडला की शेतं लागतात, मग वस्त्या. तिथल्या आरोग्य केंद्रातल्या दीदी लशीची पेटी घेऊन स्कूटीवरून निघतात. पेटीत बर्फाच्या पिशव्या. नियम असा, की पिशव्या फ्रीजरमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवायच्या, त्यांना घाम सुटला की मगच पेटीत लस घालायची. पण वस्तीवर बायका लेकरं घेऊन बसलेल्या असतात, आणि दीदी एकटीच असते. पिशव्या तशाच जातात. पिशवीला चिकटलेली लस गोठते, पुन्हा वितळते, दिसायला अगदी पहिल्यासारखी दिसते, आणि कामाची राहत नाही. बाळाला सुई टोचली जाते, बाळ रडतं, आई समाधानाने घरी जाते.

तर आम्हाला बर्फापेक्षा जरा कमी गार असं काहीतरी हवं होतं. साध्या फ्रिजमध्ये गोठेल, सकाळपासून संध्याकाळपर्यंत हळूहळू वितळेल, पण लशीला कधीच गोठवणार नाही. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. "अगं, आमचा कंप्रेसर बिघडला की आम्ही तेच बनवतो."

पैसा दिल्लीच्या एका सरकारी संस्थेचा होता. ती स्वतः काही शोधत नाही. ती एक अवघड प्रश्न निवडते, तो प्रश्न निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या पद्धतीने सोडवायला देते आणि वर एक अधिकारी नेमते. आमच्या अधिकारी सेनगुप्ता मॅडम. ठरावीक मुदतीसाठी आलेल्या, मुदत संपली की आपल्या विद्यापीठात परत जाणाऱ्या. त्यामुळे त्यांना कुणाची भीडभाड नव्हती. त्या प्रश्नावर तीन गट होते. मी क्षार आणि पाण्याच्या मिश्रणावर. माझ्याच मजल्यावरचा रिझवान वनस्पती तेलापासून काढलेल्या मेणासारख्या पदार्थावर. आणि दक्षिणेतली एक प्रयोगशाळा आणखी तिसऱ्याच कशावर. दर आढाव्याला आम्ही रंगीत आलेख घेऊन बसायचो, आणि मॅडम पहिली पारदर्शिका लागायच्या आधीच विचारायच्या, "ये मत बताइए कि क्या चल रहा है. ये बताइए कि आपने बंद क्या किया."

सरकारी नोकरीत हा प्रश्न कुणी विचारत नाही. आमच्याकडे एकदा सुरू झालेलं काही बंद होत नाही; कूलरसुद्धा डिसेंबरपर्यंत खिडकीत असतो. मला ही बाई फार लागट वाटली होती. एकदा चहाच्या वेळी मी विचारलंच, की मॅडम, तीन गटांना पैसे देऊन दोन बंदच करायचे तर आधी देता कशाला? त्या म्हणाल्या, "कौन-सा बंद होगा, ये किसी को पता होता तो कंपनी वाले ही कर लेते. ग़लत रास्ते का खर्चा कोई कंपनी नहीं उठाएगी. वो सरकार को उठाना पड़ता है." आता मोबाइलवर कुठे कुठे देशी शोधाच्या बातम्या वाचते, त्यात कंपनीच्या साहेबांचा फोटो असतो, तेव्हा मला हे वाक्य आठवतं. त्या फोटोमागे असे किती बंद पडलेले लोक उभे असतील, असा विचार मनात येतो.

अण्णांनी मधल्या काळात एक पार्सल पाठवलं. पोतं भरून लाकडाचा भुसा. त्यांच्या कारखान्यात लाद्या भुशात पुरून ठेवतात, दिवस-दिवस टिकतात. चिठ्ठी नाही काही नाही, फोनवर म्हणाले, "पेटीच्या भिंतीत घालून बघ." माझ्या वडिलांनी पाठवला म्हणून मी तो रीतसर तपासला. रिझवानने नमुन्यावर "अण्णा-एक" अशी पट्टी लावली. भुसा ओल धरतो, ओल धरली की गारवा सोडतो. शिवाय त्यात दोन किडे निघाले. चाचणीत तो सपशेल पडला. हे कसं सांगावं याची मी आठवडाभर तयारी केली. रविवारी सांगितलं, तर अण्णा म्हणाले, "नाही ना होत? मग बंद कर. माझा मान ठेवायला चालू ठेवू नकोस." आणि लगेच पावसाचं विचारलं.

अण्णांचा रविवारचा फोन म्हणजे सकाळी साडेआठ-नऊला, चहा झाल्यावर. त्यात कारखान्याची बातमी, मग तो बंद पडून अण्णा घरी बसल्यावर गुडघ्याची बातमी, आणि ठेवताना नेहमी एकच प्रश्न: "झालं का गं?" मी म्हणायचे, "अजून नाही." ते म्हणायचे, "बरं." फोन ठेवल्यावर माझा अर्धा रविवार त्या प्रश्नाखाली जायचा. "झालं का" म्हणजे "कधी येतीस", हे मला न सांगता कळत होतं. वरची खोली माझी वाट बघतेय, अण्णा एकटे जिना झाडत असतील, आणि मी इथे मीठ-पाणी ढवळतेय.

मग माझं काम बंद झालं.

माझं मिश्रण सुंदर होतं. पहिल्यांदा गोठायचं तेव्हा नेमकं हव्या त्या तापमानाला गोठायचं. पण पुन्हा पुन्हा गोठवलं-वितळवलं की क्षार खाली बसायचा, आणि एकदा खाली बसलेला वर यायचं नाव घ्यायचा नाही. मी दाट करणारे पदार्थ घालून पाहिले, पिशवी पातळ करून पाहिली. ते तपासायला एक यंत्रही बसवलं होतं. ते पिशव्यांना आपोआप गोठवायचं, वितळवायचं, पुन्हा गोठवायचं, अहोरात्र. रिझवान त्याला "उठक-बैठक" म्हणायचा. त्या यंत्रानेच माझ्या मिश्रणाचा निकाल लावला. आढाव्यात सेनगुप्ता मॅडमनी मला बोलू दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ये बंद करते हैं. आपने ठीक से साबित किया है कि ये नहीं होगा." मी हो म्हणाले. मग प्रसाधनगृहात जाऊन रडले. कित्येक वर्षांचं आयुष्य होतं ते, पिशवीच्या तळाशी बसलेलं.

बाहेर आले तर रिझवान चहाचे दोन ग्लास घेऊन उभा. हा चौकातला माणूस, दारातून आधी कोण जाणार यावरच याची पाच मिनिटं जातात. म्हणाला, "मॅडम, आपका रास्ता बंद हुआ है, आप थोड़े ही बंद हुई हैं. हमारे साथ आ जाइए. और वो उठक-बैठक भी ले आइए."

त्या वेळी सांगलीच्या एका कॉलेजात जागा होती. मिरजेहून बसने जाऊन-येऊन करता आलं असतं. संध्याकाळी घरी, वरच्या खोलीत. मी अण्णांना फोन केला, रविवार नव्हता तरी. म्हटलं, "अण्णा, माझं बंद झालं." मग त्यांनी विचारलं, "येतीस का मग?" इतक्या वर्षांत त्यांनी सरळ विचारलेलं ते एकदाच.

मी म्हटलं, "रिझवानचं चालू आहे. त्याला माझं मशीन लागणार आहे. तेवढं झालं की येते."

"बरं," ते म्हणाले.

पुढची वर्षं दुसऱ्याच्या कामात गेली, आणि खरं सांगते, ती वाईट गेली नाहीत. नुसती दमवणारी गेली. रिझवानच्या मेणाला वास यायचा, तो घालवला. दक्षिणेतला गटही बंद झाला, तिथली एक युक्ती पिशवीच्या शिवणीसाठी आमच्याकडे आली. सेनगुप्ता मॅडमची मुदत संपली, त्या गेल्या. जाताना कुणी त्यांना नीट निरोपही दिला नाही, कारण प्रत्येकाचं काही ना काही त्यांनी बंद केलेलं होतं. मेच्या उन्हात आम्ही बख्शी का तालाबच्या दीदींच्या मागे जीपमधून फिरलो. दर थांब्याला पेटी उघडून तापमान बघायचं. एका संध्याकाळी, शेवटच्या वस्तीवर, आंब्याखाली पेटी उघडली. दीदींनी आत हात घातला, गालाला लावला आणि म्हणाल्या, "ठंडी है, पर काटती नहीं." रिझवान माझ्याकडे बघून हसला आणि एकदम तोंड फिरवून जीपचं टायर तपासायला लागला.

पेटी एका कंपनीकडे गेली. सरकारी प्रयोगशाळा कारखाना काढत नाही. झालेली वस्तू देऊन टाकायची आणि रिकाम्या टेबलापाशी परत यायचं, अशीच रीत आहे. आमच्याकडे त्या दिवशी वस्तूला रोळीचा, म्हणजे कुंकवाचा, टिळा लावतात, पेढे वाटतात, याला सगळे "बिटिया की विदाई" म्हणतात. स्टोअरमधले एक वयस्कर भैया दरवेळी खरोखर डोळे पुसतात. मागच्या थंडीत आमच्या पेटीची विदाई झाली. कागदांवर रिझवानचं नाव पहिलं, माझं कुठेतरी मधे. मला त्याचं दुःख नव्हतं. मला भीती वाटत होती. काम झालं होतं, आणि आता अण्णांना काय सांगायचं?

कारण मला जायचं नव्हतं. हे मला त्या पेढ्याच्या खोक्यासमोर उभी असताना कळलं. दिल्लीहून नवा प्रश्न आला होता, यंदा माझ्या नावाने. चौकातला वास, छावणीतला गणपती, रिझवानच्या बायकोचे ईदला येणारे शेवयांचे डबे, हे सगळं कधी माझं झालं याची तारीख मला सांगता येणार नाही. पण मिरजेत एक म्हातारा माणूस "झालं का" विचारत होता, आणि शब्द तर मी दिलेला होता.

फोनवर सांगायला जमेना. चाचण्यांमध्ये वापरलेली एक जुनी पेटी परवानगीने मागून घेतली आणि न कळवता निघाले. तोपर्यंत मी फक्त दिवाळीत जायचे. हा फेब्रुवारी होता.

दुपारी घरी पोचले. दार उघडंच होतं, अण्णा नव्हते. पेटी घेऊन सवयीने जिना चढले. वरच्या दोरीवर पांढरे एप्रन वाळत होते. खोलीचं दार एका मुलीने उघडलं. आत माझ्या पलंगाशेजारी दुसरा पलंग, भिंतीवर हाडांची नावं लिहिलेला तक्ता, आणि खिडकीत दुसरी एक मुलगी पुस्तक घेऊन बसलेली.

"कोण हवंय काकू?" पहिलीने विचारलं.

दिवाळीत कधीतरी दाराला प्लॅस्टिकचा हुक दिसला होता, आरशावर टिकल्या चिकटलेल्या दिसल्या होत्या. शेजारची पोरं खेळत असतील, असं मी समजले होते. "अण्णांची मुलगी," मी म्हणाले. त्या दोघी उठून उभ्या राहिल्या. पाणी दिलं. खुर्ची पुसून दिली. नर्सिंगला होत्या. त्यांच्या आधी दुसऱ्या दोघी होत्या, त्यांच्या आधी आणखी. दिवाळीत सगळ्या गावी जात, आणि जाताना अण्णा त्यांचं सामान, दुसऱ्या पलंगासकट, शेजाऱ्यांच्या माळ्यावर ठेवून देत. "तुम्ही येता म्हणून," ती म्हणाली. "आजोबांचं बीपी आम्हीच बघतो."

अण्णा आले. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय?" आणि वरच्या जिन्याकडे बघितलं. चोरी सापडल्यासारखे दिसले, मग सावरले.

"कधीपासून?" मी विचारलं.

"तुझं बंद झालं ना, त्याच्या पुढच्या महिन्यापासून." ते खुर्चीत बसले. "तू येणार नाहीस हे मला कळलं. मग खोलीला कुलूप लावून काय करायचं? वर दिवा दिसला की मलाही बरं वाटतं."

"मला सांगितलं का नाही?"

"तुला वाटलं असतं, अण्णांनी आशा सोडली. कामात लक्ष लागलं नसतं."

मला राग आला, आणि रागाच्या आधी रडू आलं. इतकी वर्षं अर्धा अर्धा रविवार! "मग दर आठवड्याला 'झालं का, झालं का' कशासाठी विचारत होता?"

अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की शिकून पोरीची अक्कल गेली की काय.

"पेटीचं विचारत होतो की," ते म्हणाले. "गारवा टिकतोय का नाही, मला नको कळायला? जन्म गेला माझा त्यात."

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी झाकण काढलं, बाही मागे सारली आणि कोपरापर्यंत हात आत घालून डोळे मिटले. पुण्याला रात्री थांबून मी पिशव्या फ्रिजमध्ये पुन्हा गोठवल्या होत्या; तिथून पुढच्या प्रवासात गारवा थोडा उतरला होता, पण होता. वरून त्या दोघी मुली जिन्याच्या कठड्यावरून बघत होत्या. "या गं खाली, बघा," अण्णांनी हाक मारली. "माझ्या मुलीच्या ऑफिसनं केलंय. बर्फापेक्षा जरा कमी गार."

त्या रात्री मी खाली अण्णांच्या खोलीत चटईवर झोपले. मुलींनी पलंग देऊ केला होता, मी नको म्हटलं. मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपली जागा कुणीतरी राखून ठेवलेली असते. माझी जागा कधीच दिली गेली होती, दिलेली बरी होती, आणि तरीही मला मनातून लागलं. अण्णांनी बोलावलं असतं तर मी नाही म्हणणार होते. पण त्यांनी बोलावलं नाही, याचं वाईट वाटायचं ते वाटलंच. मिरजेत आता माझी खोली नाही. माझं काम कुठवर आलं हे विचारणारा माणूस आहे, आणि तो आहे तोवर मी घर सोडलंय असं मला म्हणवत नाही.

लखनऊला परतल्यावर पहिल्याच रविवारी फोन आला. नवं काय घेतलंय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांना निम्मं कळलं. गुडघ्याची बातमी झाली, मुलींच्या परीक्षेची झाली. फोन ठेवताना ते थांबले.

"झालं का गं?"

"आत्ताच तर सुरू केलंय, अण्णा."

"बरं," ते म्हणाले. मी चहाचा कप उचलला आणि त्यांना सांगायला लागले, की या वेळी पहिली अडचण कुठे येतेय.